कडक कायद्याचा देश आणि आपली बॅग

‘तिकडं कायदा कडक आहे, म्हणून तर सगळं शिस्तीत चालतं,’ हे वाक्य दुबई-सिंगापूर करून आलेल्या सोलापूरकराच्या तोंडून हमखास ऐकायला मिळतं. रात्री बाराला बायका एकट्या फिरतात, कोणी रस्त्यावर थुंकत नाही, टॅक्सीत राहिलेला मोबाइल परत मिळतो. याच कायद्याखाली माणसं फासावरही जातात, हे त्या कौतुकात धरलेलं असतं आणि त्याचं कोणाला फारसं वाईटही वाटत नाही. उलट बाजूचे लोकही आता भेटतात. ग्रॅमच्या हिशोबाने माणसं मारणाऱ्या देशांत आपण पैसे खर्च करायला जायचंच कशाला, असा त्यांचा सवाल असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

दोघांचंही लक्ष शिक्षेवर आहे. सहलीला निघणाऱ्या माणसाने त्याआधीची एक गोष्ट पाहावी: त्या देशात निर्दोषपणा सिद्ध करायची जबाबदारी कोणावर टाकली आहे, आणि ती आपल्याला पेलणार आहे का. तेवढं पाहून जायचं की नाही ते ठरवावं.

सिंगापूरचं उदाहरण घेऊ, कारण तिथला कायदा आकड्यांत बोलतो. १९७३च्या अमली पदार्थ कायद्यानुसार १५ ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइन, ३० ग्रॅमपेक्षा जास्त कोकेन, २५० ग्रॅमपेक्षा जास्त मेथॅम्फेटामीन किंवा ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजा यांची तस्करी केली तर फाशी. हे आकडे बहुतेकांना ऐकून माहीत असतात. त्यांच्या खालच्या पायरीवरचे आकडे मात्र कोणी सांगत नाही. हेरॉइन २ ग्रॅमच्या वर किंवा गांजा १५ ग्रॅमच्या वर सापडला, की तो तस्करीसाठीच होता असं कायदा गृहीत धरतो. दुसरं गृहीतक असं, की ज्या वस्तूत माल सापडला ती वस्तू तुमच्या ताब्यात असेल तर माल तुमचाच आणि तो काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. हे गृहीतक लागू व्हायला सरकारी वकिलाला सिद्ध करायचं असतं ते इतकंच, की बॅग तुमच्या हातात होती. बाकीचं तुम्ही खोडून काढायचं, परक्या देशात, परक्या भाषेत, कोठडीत बसून.

मलेशियाने २०२३ मध्ये फाशीची सक्ती काढली. आता न्यायाधीश फाशीऐवजी ३० ते ४० वर्षांची कैद देऊ शकतात, सोबत फटके. संयुक्त अरब अमिरातीने २०२१चा नवा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू केला आणि पहिल्यांदा सेवन करताना सापडलेल्याची शिक्षा किमान तीन महिने कैद किंवा २० हजार ते एक लाख दिरहम दंड इथवर खाली आणली. पूर्वी तिथे काय चाले, ते २००८च्या एका खटल्यातून कळतं. दुबई विमानतळावर एका ब्रिटिश प्रवाशाच्या बुटाच्या तळव्याला ०.००३ ग्रॅम गांजा चिकटलेला सापडला. साखरेच्या एका दाण्याहून ते फार जास्त नाही. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली; पुढे माफी मिळाली म्हणून तो सुटला.

आता बहिष्काराचं म्हणणं. आपल्याकडचा १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा काही फार वेगळ्या कापडाचा नाही. आरोपीच्या मनात गुन्हेगारी हेतू होता असं गृहीत धरणारं कलम ३५ त्यात आहे, ताब्यात सापडलेल्या मालाचा समाधानकारक खुलासा आरोपीनेच द्यावा असं सांगणारं कलम ५४ आहे आणि व्यापारी प्रमाणात माल सापडला तर जामीन जवळजवळ अशक्य करणारं कलम ३७ आहे. मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, ५० ग्रॅमच्या वर गेली की ते व्यापारी प्रमाण. दहा ते वीस वर्षांची कैद. दुसऱ्यांदा मोठ्या गुन्ह्यात सापडलेल्याला फाशीची तरतूद आपल्याही पुस्तकात आहे. ती सक्तीची होती, मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सक्ती मोडली आणि २०१४ मध्ये कायदाच दुरुस्त झाला. तेव्हा कायद्याच्या रागाने सिंगापूर टाळणाऱ्याने भारतात तरी कसं राहायचं? आणि हा विषय सोलापूरला लांबचाही नाही. २०२३च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये एमडी बनवणारे कारखाने पोलिसांनी उघडकीला आणले.

कौतुक करणाऱ्यांना विचारायचा प्रश्न जास्त टोकदार आहे. फासावर जातो कोण? नागेंथ्रन धर्मलिंगम हा मलेशियातला तमिळ तरुण. २००९ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मांडीला बांधलेलं ४२.७२ ग्रॅम हेरॉइन घेऊन सिंगापूरच्या सीमेवर पकडला गेला. त्याचा बुद्ध्यांक ६९, म्हणजे सरासरीपेक्षा बराच कमी, असल्याचं कोर्टापुढे आलं होतं. २७ एप्रिल २०२२ रोजी त्याला फाशी दिली. माल पाठवणारा अशा वेळी सीमेवर नसतोच. पकडला जातो तो हमाल. अशा फाशीचं कौतुक चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या गावाने तरी जपून करावं. स्वातंत्र्यलढ्यातले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली तीही रीतसर खटला चालवून, कायद्याच्या कलमाखालीच. त्यांची आणि तस्करांची तुलना करण्याचा प्रश्नच येत नाही. कोर्टाच्या कागदावर सगळं नीट दिसत असतानाही फाशी चुकीची असू शकते, हे मात्र या शहराला परक्याने शिकवायला नको.

मुंबईच्या एका जोडप्याची गोष्ट अनेकांच्या लक्षात असेल. २०१९च्या जुलैत एका नातेवाईक बाईने त्यांना कतारची सहल भेट दिली आणि सोबत न्यायला एक पाकीट दिलं. दोहा विमानतळावर त्यांच्या सामानात ४.१ किलो चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षं झाली. बायको गरोदर होती, बाळंतपण तुरुंगात झालं. इकडे बायकोच्या वडिलांनी तक्रार लावून धरली, अमली पदार्थ नियंत्रण विभागाने पाठवणाऱ्यांना पकडलं, ते पुरावे सरकारी मार्गाने कतारला गेले, तेव्हा २०२१ मध्ये ती दोघं निर्दोष ठरून घरी आली. २०२३ मध्ये मुंबईच्याच एका अभिनेत्रीला कामाच्या आमिषाने शारजाला धाडलं गेलं आणि तिच्या हातात दिलेल्या स्मृतिचिन्हात अमली पदार्थ सापडले. तीही सुटली, कारण मुंबई पोलिसांनी कट रचणारे इथेच पकडले. दोन्ही वेळा सुटका झाली ती भारतातल्या तपासामुळे. ज्याच्या मागे असा तपास उभा राहत नाही त्याचं काय होत असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

म्हणून माझं मत: जा, खुशाल जा. पण बॅग भरणं हे काम कपड्यांच्या घड्या घालण्याइतकं हलकं समजू नका, आणि इथे सोलापूरच्या घरांची अडचण मुंबईपेक्षा थोडी वेगळी आहे.

पहिली अडचण खसखस. आपला काळा मसाला, अनारसे, साटोऱ्या, बाळंतिणीचे लाडू, सगळ्यात ती असते. अमिरातीत खसखस बंदी घातलेल्या वस्तूंत मोडते, सिंगापूरमध्येही ती मुक्तपणे नेता येत नाही आणि हजला जाणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत खसखस नेऊ नका हे लिहिलेलं असतं. कारण असं: दाण्यात स्वतःमध्ये नशा नसतेच म्हटलं तरी चालेल, पण बोंडातला अफूचा चीक काढणीच्या वेळी दाण्याच्या सालीवर लागतो आणि चाचणीत तोच दिसतो. खसखस भाजून मसाल्यात कुटली म्हणून ती ‘गेली’ असं होत नाही. पोराला दुबईला फराळ न्यायचा तर अनारसे घरीच ठेवा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्या, त्याला तेच जास्त आवडेल.

तंबाखूचा मावा खाणाऱ्यांनीही ऐकावं. चघळण्याच्या तंबाखूवर सिंगापूरमध्ये बंदी आहे. प्लॅस्टिकच्या चौकोनात रबर लावून बांधलेली ती पुडी क्ष-किरण यंत्रावर कशी दिसत असेल, याचा विचार करा. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बेकायदा आहे. सिंगापूरने तर १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या शिक्षा वाढवल्या, कारण त्यात एटोमिडेट नावाचं भुलीचं औषध भरलेलं सापडू लागलं होतं.

खरी गुंतागुंत औषधांची आहे, आणि घोटाळे सर्वांत जास्त तिथेच होतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल असलेली कंबरदुखीची गोळी, झोपेसाठी अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम किंवा झोल्पिडेम, मधुमेहात पायाची आग होते म्हणून प्रीगॅबालिन. यांतलं काही ना काही साठीच्या पुढच्या जवळपास प्रत्येक घरात असतं. आखातात ही नियंत्रित औषधं आहेत आणि त्यांतली बरीच सिंगापूरमध्येही. ट्रॅमाडॉल किती महागात पडतं ते २०१७ मध्ये इजिप्तला गेलेल्या एका ब्रिटिश बाईला कळलं. ओळखीच्या माणसाच्या पाठदुखीसाठी तिने २९० गोळ्या नेल्या आणि तीन वर्षांची शिक्षा घेतली.

आयुर्वेदिक म्हणून बिनघोर राहणारे तर सर्वांत जास्त धोक्यात. जातिफलादि चूर्णात भांग असते. कर्पूर रसात अफू असते. दोन्ही जुलाबावरची जुनी औषधं, म्हणजे नेमकी प्रवासात सोबत घेतली जाणारी. भांगेची पानं आपल्या कायद्यात गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत, म्हणून महाशिवरात्रीची थंडाई इथे चालून जाते. विमानतळापलीकडे पान, फूल, बोंड असा भेद कोणी करत बसणार नाही, सगळा गांजाच.

मग करायचं काय? सहल ठरली, आगाऊ रक्कम भरली, की त्याच आठवड्यात घरातली सगळी औषधं टेबलावर मांडा. प्रत्येक पाकिटावर व्यापारी नावाच्या खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते उतरवून काढा. त्या यादीतल्या प्रत्येक घटकाबद्दल त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा: अमिरातीसाठी तिथलं औषधांचं सरकारी खातं, सिंगापूरसाठी तिथलं आरोग्य विज्ञान प्राधिकरण. परवानगी लागत असेल तर अर्ज ऑनलाइन करता येतो, पण तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत. आदल्या दिवशी केलेल्या अर्जाला अर्थ नाही. परवानगी आली नाही, तर डॉक्टरांकडून पर्यायी औषध लिहून घ्या आणि निघण्याआधी दोन आठवडे ते घेऊन पाहा. तेही जमत नसेल तर देश बदला. हट्टाने गोळ्या मोज्यात लपवून नेणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण लपवलं म्हणजे माहीत होतं, हे तुम्हीच सिद्ध करून दिलं.

डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत आणि टाइप केलेलं हवं. त्यात रुग्णाचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच, आजार, औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. आपल्याकडे चिठ्ठीवर ‘अमुक प्लस’ एवढंच लिहायची पद्धत आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ते ‘प्लस’ कशाचं, हे कळायला मार्ग नाही. औषध दुकानात दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून देतात, ते प्रवासासाठी घेऊ नका. कापल्यावर नाव आणि मुदत दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहते आणि तुमच्याकडे उरतात चार अनोळखी गोळ्या. सोमवार-मंगळवार लिहिलेल्या डबीतही तीच अडचण. पूर्ण पट्ट्या, मूळ खोक्यात, पासपोर्टवरच्या नावाचं बिल सोबत, आणि हे सगळं हातातल्या बॅगेत. प्रमाण सहलीचे दिवस अधिक तीन-चार दिवस एवढंच. ‘तिकडं महाग मिळतं’ म्हणून सहा महिन्यांचा साठा नेला की तो वैयक्तिक वापराचा आहे हे पटवणं अवघड होतं.

बॅग स्वतःची असावी. पुतण्याची, भाच्याची, होस्टेलवरून आलेली बॅग मागून नेण्यात काही कमीपणा नाही, पण ती उलटी करून झटका, प्रत्येक कप्पा, अस्तराची शिवण आणि चाकांच्या खोबणी ओल्या फडक्याने पुसा. बुटाच्या तळव्याचा तो खटला आठवा.

दुसऱ्याचं पार्सल हा सोलापुरात नात्यांचा प्रश्न होऊन बसतो. शेजारच्यांचा मुलगा शारजात, पलीकडच्या गल्लीतला दोहात. ‘एवढी चादर तेवढी द्या की’ म्हटल्यावर नाही म्हणायचं कसं? चादर नेता येईल, तिची घडी तुमच्यासमोर उलगडून, झटकून, पुन्हा तुमच्या हाताने घातली असेल तर. कापडात शिवून आलेलं, टेप मारलेलं, भेटवस्तूचा कागद गुंडाळलेलं काहीही नाही. दुसऱ्याची औषधं तर अजिबात नाही. राग येऊ द्या. नातं चार महिन्यांनी जुळतं.

ग्रुप टूरमध्ये आणखी एक गफलत होते, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. चेक-इनला वेळ वाचावा म्हणून सगळ्यांच्या बॅगा एकत्र लावल्या जातात, वजन सरासरीत बसवलं जातं आणि बॅगांच्या चिठ्ठ्या कोणाच्या तरी एकाच्या बोर्डिंग पासवर चिकटतात. त्या क्षणापासून कागदोपत्री त्या बॅगा त्याच्या. प्रत्येकाने आपलीच बॅग आपल्या नावावर लावून घ्यावी, चिठ्ठीचा क्रमांक बॅगेवरच्या पट्टीशी जुळवावा आणि उघड्या बॅगेचा, बंद बॅगेचा आणि वजनकाट्याचा फोटो काढून ठेवावा. नुसतं विमान बदलायचं असलं तरी सूट नाही. २००२ मध्ये कंबोडियाहून मेलबर्नला जाणारा एक ऑस्ट्रेलियन तरुण चांगीला फक्त विमान बदलत होता. त्याच्याकडे ३९६ ग्रॅम हेरॉइन मिळालं आणि २००५ मध्ये त्याला फाशी झाली.

काही जणांनी मात्र जाऊच नये, हे स्पष्ट लिहायला हवं. जो गांजा ओढतो, कधीमधी का असेना, त्याने आखात टाळावं. अमिरातीत रक्तातला किंवा लघवीतला अंश हाही ताब्यात बाळगल्यासारखाच धरला जातो, मग ओढलं कुठेही असो. गांजाचा अंश नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे टिकतो. ‘गेल्या रविवारपासून बंद आहे’ याचा उपयोग नाही. सिंगापूरमध्ये सेवनाला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा २० हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अशा मुलाला घेऊन घरच्यांनी सिंगापूरचा बेत आखण्याऐवजी तेवढे पैसे व्यसनमुक्तीवर घालावेत.

थायलंडची भानगड उलटी आहे. २०२२च्या जूनमध्ये तिथे गांजा मोकळा झाला, बँकॉकच्या फुटपाथवर दुकानं लागली, आणि २०२५च्या जूनमध्ये पुन्हा डॉक्टरी चिठ्ठीची अट आली. तिथे खिडकीत मांडलेला माल बघून सवय सैल होते, आणि ‘एवढासा’ परत आणला जातो. बँकॉकहून येणाऱ्या विमानांतल्या प्रवाशांकडून हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला, गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला गेला आहे. त्या बाजूला कायदा ढिला वाटला तरी या बाजूला एनडीपीएस उभा असतो. गांजा घातलेली बिस्किटं आणि चॉकलेटं यांनाही हेच लागू.

पकडलं गेलंच तर काय मिळतं, याबद्दल लोकांच्या कल्पना सिनेमातल्या असतात. १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. तीच पहिली मागणी करायची, आणि न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही, दुभाषी मागायचा. वकिलातीचा माणूस भेटायला येऊ शकतो, वकिलांची यादी देतो, घरी कळवतो. तो खटला लढत नाही, जामीन भरत नाही, सोडवून आणत नाही. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी, आणि पार्सल कोणी दिलं याची फिर्याद इथल्या पोलिसांत द्यावी; कतारच्या प्रकरणात कामाला आलं ते हेच. शिक्षा झालेल्या कैद्याला भारतात आणण्याचे करार काही देशांशी आहेत, अमिरातीशी २०११चा, पण उरलेली शिक्षा इथे भोगावी लागते आणि फाशीला ते लागू होत नाहीत. प्रवास विमा अशा प्रकरणात बहुधा हात वर करतो. बेकायदा कृत्य वगळलं आहे, हे वाक्य पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतं.

हे सगळं एकट्या प्रवाशावर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. सहल विकणारे जेवणात जैन पर्याय आहे की नाही हे तीन ठिकाणी छापतात. बंदी असलेल्या घटकांची यादी, खसखशीचा उल्लेख, औषधांच्या परवानगीची पद्धत आणि वकिलातीचा फोन नंबर असं एक पान मराठीत आणि तेलुगूत छापायला कितीसा खर्च येतो? शहरातल्या औषध विक्रेत्यांची संघटना आणि डॉक्टरांची संघटना मिळून ते पान तयार करू शकतात. घटकांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. ते पान पैसे भरतानाच हातात पडायला हवं आणि त्यावर ग्राहकाची सही घ्यायला हवी. विमानतळावर टोपी आणि बॅगेच्या पट्ट्या वाटताना दिलं, तर परवानगीचे चार आठवडे तोवर उलटून गेलेले असतात.